डावं पुढचं चाक

मे महिन्यात दारव्हा रोडवर
चारही चाकं तापतात, त्याचं कोणी नवल करत नाही.
डांबर तापतं, पाना तापतो,
हापशीचं पहिलं पाणी तर अंगावर घेववत नाही.
म्हणून ढेंगळे डॉक्टर म्हणाले,
"गाडी डावीकडे ओढून राहिली, अन् वास येते,"
तेव्हा मेटांगेमामा लगेच उठले नाहीत.
आधी बिडी विझवली. मग विचारलं,
"वास कशासारखा?"

डॉक्टरांना सांगता आलं नाही.
गाईचा कान धरून ताप सांगणारा माणूस,
मागच्या सीटवर नायट्रोजनचा कॅन,
त्यात उणे एकशे शहाण्णववर झोपलेले
कुठल्या कुठल्या वळूंचे वंश,
पण वासाला शब्द नव्हता.

"पोरी, हात लाव," मामांनी हाक दिली.
"माहा हात आता खोटं बोलते."

साखरेनं त्यांची बोटं दोन वर्षांमागे नेली.
म्हणजे आहेत जागेवर, दहाच्या दहा,
फक्त काही कळवत नाहीत.
होळीच्या दिवशी सायलेन्सरला टेकली
ते फोड आल्यावर समजलं.

मागची दोन चाकं: उन्हातलं कवेलू.
उजवं पुढचं: चूल विझून तासभर झालेला तवा.
डावं पुढचं,
हात वीतभर लांब होता, तरी आपोआप मागे आला.
"बोल नं, किती?"
"मामा, भाकर टाकाले तयार."
ते हसले. "मंग पाणी शिंपड."
चर्र.

जॅक लावला. चाक फिरवलं,
अर्ध्या वेढ्यात थांबलं.
मला वाटलं, कॅलिपरच्या पिना.
काढल्या तर ग्रीसमध्ये सुळसुळीत.
पिस्टन दाबला, तो जागचा हलेना.
"पिस्टन जाम," मी शर्यत जिंकल्यासारखी म्हणाले.
"दम धर. जाम हाय का दाब कोंडला हाय,
ते पाय अगोदर. निपल ढिली कर."

पाव वेढा.
काळ्या चहासारखी ऑइलची एक पिचकारी,
आणि चाक सुटलं, हातानं ढकललं
तर फिरतच राहिलं.

निपल बंद. पुन्हा ब्रेक दाबला, पुन्हा चाक धरलं.
मास्टर सिलिंडरचा नट सोडला: चाक तसंच.
होजच्या वरचा जोड सोडला: तसंच.
"वरचे सारे सुटले," मामा म्हणाले,
पंचायतीत निकाल द्यावा तसे.
उरला वीतभर रबर.

ना चीर, ना फुगा, ना गळती.
ब्लेडनं उभा कापला.
आतून सुजून सुजून
सुईच्या नेढ्याएवढी वाट.
"पायाचा जोर ऑइलले ढकलून नेते.
परत याले त्याले कोण ढकलते?"
"बाहेरून तर चांगला दिसते," डॉक्टर म्हणाले.
मामा बोलले नाहीत.
तो कापलेला तुकडा अंगठ्यानं चाचपत बसले,
काही कळत नसताना.

चारच्या बसनं यवतमाळहून होज आले,
दोन्ही बाजूंचे बदलले.
मामा पायडलवर, मी चाकापाशी.
दाब. धर. सोड.
पाय किती खाली गेला हे मी त्यांना विचारत नाही,
बुडबुड्यांवरून ओळखते.

डॉक्टर फाट्यापर्यंत जाऊन आले.
मी चारही चाकांवरून हात फिरवला.
"किती?"
"सारखे, मामा."
"म्हंजे?"
"म्हंजे मे महिना."

निघताना डॉक्टरांनी कॅनचं झाकण उचलून पाहिलं.
पांढरा धूर काठावरून खाली सांडला.
मामांनी क्षणभर त्यात पंजा धरला
आणि माझ्याकडे पाहिलं.
मीही हात नेला, लगेच काढला,
आणि उभी राहिले, तोंड उघडून.
थंडीसाठी आमच्याकडे
तेवढे शब्द नाहीत.