सुमारे तीस

रविवारी सकाळी सहाची अथणी गाडी.
बोर्ड कानडीत, ओरडणारा कंडक्टर मराठीत,
खिडकीची काच रबराच्या पट्टीनं बांधलेली.
मांडीवर वही, पिशवीत तीन पेन्सिली:
फोर एच, एच बी, आणि एक काळीभोर सिक्स बी,
जिला एकवीस वर्षांत टोक केलेलं नाही.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मी ड्रॉइंग काढते.
पंपाचं कव्हर, व्हॉल्व्हची बॉडी.
रेघ म्हणजे रेघ. ती इथं सुरू होते, तिथं संपते,
आणि केसभर चुकली
तर टनभर लोखंड परत भट्टीत जातं.

शेजारचे तवनाप्पा म्हणाले होते,
'माळावर जाऊन या की एकदा. काही नाही तिथं.'
आणि नात रत्नप्रभा, वय नऊ, सोबत दिली,
तेलखडूंचा डबा, कडक भाकरी, शेंगाचटणीसकट.

राखीव कुरणाच्या फाटकाशी अडिवेप्पा.
अडवी म्हणजे रान. आईनं नवसाचं नाव ठेवलं,
ते पुढं नोकरीला उपयोगी पडलं, असं तोच सांगतो.
'चपला कशाला घातल्या बाई? कुसळ हाय.
ते कुणाला सोडत न्हाई. साहेबाला बी न्हाई.'

मग माळ.
बुडाशी तांबूस, मध्ये गव्हाळ,
वर कुसळांची लव, ऊन लागेल तशी फिरणारी.
झाड म्हणावं तर एक हिवर, तोही लांब, तिरका.
मी बसले. पहिलं पातं काढलं.
मान खाली घालून वर करेस्तोवर ते दुसरीकडे झुकलेलं.
दुसरं काढलं. तेही.
तासाभरानं कागदावर लेथखालचा चुरा सांडल्यासारखं काहीतरी,
आणि टिटवी आमच्याभोवती घिरट्या घालून
सगळ्या माळाला आमची तक्रार सांगत होती.

रत्नप्रभानं पान भरून पिवळा फासला,
एका कोपऱ्यात निळा ठिपका.
'हे काय गं?'
'मी. मी लांब आहे.'

दुपारी हिवराखाली भाकरी मोडली.
अडिवेप्पानं सुकल्या डबक्यातला लांडग्याचा पाय दाखवला,
शेजारी बोट ठेवून, न पुसता.
मी पिशवीतली सहा इंची पट्टी काढली
आणि माप घेतलं. सवय.
तो हसला नाही. त्यानंही वाकून आकडा वाचला.

ऊन कललं तेव्हा म्हणाला, 'आता बोलू नका.'
भोवत्या आल्या.
कुठल्या कुठल्या थंडीतून उतरलेल्या,
झाड सोडून जमिनीवर झोपणाऱ्या घारी,
गवताच्या टोकांना पोट घासेल इतक्या खालून,
एक, मग तीन, मग मोजायची पंचाईत,
तरंगत, वळत, पाय सोडत,
आणि गवतानं प्रत्येकीला अलगद झाकून घेतलं.
सिक्स बी कधी हातात आली कळलं नाही.
फक्त काळ्या खुणा. पंख नाही, चोच नाही.

अडिवेप्पा ओठातल्या ओठात ओंदु, एरडु, मूरु.
त्याच्या एकतीस झाल्या.
माझ्या अठ्ठावीस.
रत्नप्रभा म्हणाली शंभर.
त्यानं खात्याची वही गुडघ्यावर उघडली,
संख्येच्या रकान्यावर पेन धरून थोडा वेळ थांबला
आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं:
'सुमारु मूवत्तु.'
मला कानडी वाचता येत नाही.
पण पहिला शब्द आमचाच निघाला,
जो आमच्या ड्रॉइंगवर एकदा लिहिला
तर साहेब तीन महिने बोलायचे नाहीत.
मी मान हलवली. मला तो आकडा पटला.

रात्री घरी सलवारीचा काठ घेऊन बसले.
उपटलेलं एक कुसळ पाण्याच्या बशीत पडलं
आणि आपणहून फिरायला लागलं,
सावकाश, पीळ सोडत,
भाता न लावता, मोटर न लावता.
आटे होते त्याला, चक्क आटे.
डावे की उजवे ते बघायला
मी चष्मा शोधत घरभर फिरले.