पाणी मुरतं कुठे

दिवा लागतो तो बरोबर दुसऱ्या वळणावर,
चर्चची पाटी मागे पडून रस्ता नदीकडे उतरतो तिथे.
लाटांत उभा इवलासा तांबडा थर्मामीटर.
आठ-दहा किलोमीटरनी काटा मध्यावर येतो
आणि दिवा विझतो,
काही म्हणायचंच नव्हतं जणू त्याला.

बाहेर उणे एकतीस.
मागच्या सीटवर गोळ्यांचे सात डबे, बँडेजं, साखर मोजायचं यंत्र.
चार घरं, मधे एकशेवीस किलोमीटर बर्फ.
गाडी बंद पडली तर काय करायचं
हे सावुकोस्कीत मुलं वाचायच्या आधी शिकतात.

यौनीच्या गॅरेजात फरशीखालून गरम नळ जातात.
त्याने टाकीला पंप लावला, दाब भरला,
आम्ही दोन कप कॉफी प्यायलो,
काटा तसूभर हलला नाही.
"सेन्सर," तो म्हणाला. बदलला. एकशेचाळीस युरो.
दुसऱ्या दिवशी तेच वळण, तोच दिवा.

मग रोज सकाळी मी टाकीत अर्धा कप गुलाबी कूलंट ओतू लागले.
अंगणात डाग नाही, बॉनेटखाली वाफ नाही,
आत गोडसर वास नाही.
पण टाकी रोज अर्धा कप मागायची.
कुठेतरी पाणी मुरत होतं.

चौथं घर आर्वी कुरकेलाचं.
वय सत्त्याऐंशी, त्यातली चाळीस वर्षं ओंडक्यांच्या ट्रकवर.
मी पोचते अकराला. तेव्हा चूल धडधडत असते,
दाढी केलेली, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली.
झोप? ठीक. पाय? ठीक. जेवण? ठीक.
मी वहीत ठीक, ठीक, ठीक लिहिते.

त्या दिवशी रक्तदाब घेताना गाडीचं बोलले.
त्याने दंडाचा पट्टा काढूच दिला नाही.
"उबेत कोण खरं सांगतं?" म्हणाला.
"रात्रभर बाहेर ठेव तिला. हीटरची वायर लावू नकोस.
इंजिनाखालचं प्लास्टिकचं ताट काढ, सगळं त्यातच साठत असणार.
पुठ्ठा सरकव. सकाळी चावी फिरवायच्या आधी बघ, नंतर नाही.
थंडीत रबर आखडतं, पट्टी सैल पडते.
तापलं की फुगतं
आणि आपलं भोक आपणच बुजवतं."
मग ड्रॉवरमधून स्क्रू ड्रायव्हर काढून दिला,
मूठ घामाने काळी पडलेली.
"परत आण," म्हणाला.

पहाटे पाच. डोक्याला टॉर्च, पोटाखाली रेनडिअरचं कातडं,
पापण्या एकमेकींना चिकटत होत्या.
पुठ्ठ्यावर गुलाबी ठिपका, नाण्याएवढा.
वर पाहिलं तर खालच्या होजच्या टोकाशी
एक थेंब लोंबत होता,
पडू की नको करत.
पट्टीचा स्क्रू अर्धा आटा फिरला. एवढंच.

दुसऱ्या वळणावर दिवा लागला नाही.
मी तशीच पुढे गेले, चर्चही मागे टाकलं,
आणि पहिल्या घराकडे वळायच्या ऐवजी
का कोण जाणे, सरळ चौथ्याकडे गेले.

साडेसहा. धुराड्यातून धूर नाही.
दार नुसतं लोटलेलं.
स्वयंपाकघरात तो जमिनीवर बसलेला,
अंगात ओव्हरकोट, पाठ गार चुलीला टेकून,
समोर सांडलेल्या काड्यापेटीतली एकेक काडी
अंगठा आणि हाताचा तळवा यांत धरायचा प्रयत्न करत.
बोटं वळत नव्हती.
खुर्चीच्या पाठीवर इस्त्रीचा शर्ट तयार.

त्याने वर पाहिलं. संतापलेला.
"अकराला येतेस ना तू?"

मी काडी ओढली. बर्चची साल लगेच पेटते.
बराच वेळ दोघं चुलीच्या तोंडाकडे बघत राहिलो.
वही पिशवीतच होती.

"किती आटे?" त्याने विचारलं.
"अर्धा."
त्याने मान हलवली,
आणि हात पुढे केला, स्क्रू ड्रायव्हरसाठी.
तो हातात ठेवला, तर राहिना.
मग मीच ड्रॉवरमध्ये ठेवला, त्याच्या जागी.