केवळबाईंचा सात

शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन न होणारं.
यात तुमचा आकडा कोणता?
पुण्याहून आलेल्या छापील कागदावर
पहिला प्रश्न हाच.
केवळबाई म्हणाल्या, लिवा सात.
मग जरा थांबून,
"आकड्याला ठणक कळती का वो?"

उजवा खांदा. नऊ वर्षं.
ट्यूशन एरियातल्या मेसमध्ये
दोन्ही वेळच्या मिळून दीडशे भाकरी.
तिथं जेवून गेलेली तीन पोरं डॉक्टर झाली.
खांदा तेवढा कुणी पाहिला नाही.

एक्स-रे स्वच्छ. एमआरआयमध्ये वयापुरती झीज.
म्हणून त्यांना माझ्याकडं पाठवलं
आणि त्या दारातच अडल्या:
"म्हंजी दुखनं खोटं हाय, आसंच ना?"

खोटं नाही, मी म्हणाले.
हे वाक्य कागदावर नव्हतं.
तीनदा म्हणावं लागलं,
तिसऱ्यांदा त्या बसल्या.

डोळे मिटा. समुद्रकिनारा आहे. लाटा येतायत, जातायत.
त्यांनी एक डोळा उघडला.
"म्या समुद्र पाह्यला न्हाई.
ज्या साली लातूरला पाणी रेल्वेनं आलं
त्या साली टाकीपाशी रातभर हुबी व्हते.
तिथं जाऊ का?"

जा, म्हणाले.

नळाखाली घागर. आधी पोकळ, मोठा आवाज,
मग भरत जाईल तसा बारीक होत वर चढणारा.
अंधारातही कळतं, आता गळ्याशी आलं.
"गळ्याशी आलं की नळ बंद. सांडायचं न्हाई."
मी बघत होते,
त्यांचा श्वास पोटातून चढत
गळ्याशी येऊन थांबला,
मग ओतल्यासारखा हळू गेला.
दोन वर्षं फी भरून मी जे शिकले
ते एवढंच होतं.

वीस मिनिटं काम, पाच मिनिटं विसावा: कागद.
"तवा काय घड्याळ बघतो व्हय?"
मग ठरलं, पाच भाकरी उजव्या हातानं, सहावी डाव्या.
पहिले पंधरा दिवस
सहाव्या भाकरीचे नकाशे झाले.
पोरांनी खाल्ले.

स्वीकार हा शब्द मी वापरला आणि चुकले.
"दुखन्याला स्वीकारू? जावई हाय का त्यो?"
दोन गुरुवार आल्या नाहीत. फोन उचलला नाही.
तिसऱ्या गुरुवारी पदरातल्या शेंगा
टेबलावर सोडल्या, म्हणाल्या,
"भाडेकरू हाय त्यो. निघतच न्हाई.
म्हनलं, बाबा, पुढली खोली तुपली.
सैपाकघरात यायचं न्हाई."

येतो. सैपाकघरातही येतो.
पौषातल्या रात्री तर उशाशीच बसतो,
शिणक, चमक, मुंग्या, सगळं बिऱ्हाड घेऊन.
दुसऱ्या दिवशी त्या इथं रडतात.
तेव्हा मी घागरीचं नाव काढत नाही.
शेंगा सोलते.

आज पुन्हा कागद भरला. सात.
नियमाप्रमाणे सुधारणा नाही.
"इतर"च्या रकान्यात मी लिहिलं:
भाचीच्या लग्नाला उदगीरला एसटीनं गेल्या.
परतीच्या गाडीत उभ्यानं आल्या. दोन दिवस निजून होत्या.
पुन्हा जाईन म्हणतात.

त्यांच्यानंतर मन्मथअप्पा.
कंबर. आडत बाजारात चाळीस वर्षं तोलार.
मला वाटत होतं, हाताशी आता काहीतरी आहे.
अप्पा, डोळे मिटा, म्हटलं,
नळाखाली घागर आहे, भरतेय...

"बाई," अप्पा डोळे न मिटताच म्हणाले,
"पाणी आमच्यात बायका भरतात."

मी घागर खाली ठेवली.
कागद पालथा केला.
बरं अप्पा, काटा स्थिर व्हायच्या आधी
शेवटचा कसा हलतो,
ते सांगा.