ढेकळं राहू दे

हा डोंगर मीच सपाट केला.
एकट्यानं नाही म्हणा, आम्ही नऊ जण होतो,
सुरुंगवाले वेगळे.
डोंगर पोखरून लोक उंदीर काढतात,
आम्ही सहा फुटांचा थर काढला
आणि उंदीरसुद्धा उरला नाही.

पण शेवटचा हात माझा असायचा.
उरलेला दगडमुरूम परत पसरायचा,
डोझरनं दाबायचा, वळून पुन्हा दाबायचा,
इस्त्री मारल्यासारखा.
तपासनीस गाडीतून न उतरताच म्हणायचा,
"डेन्झिल, इथं गोटी ठेवली तर जागची हलणार नाही."
त्या वर्षी कंपनीनं मला घड्याळ दिलं.

मग टँकर आला. हिरव्या रंगाचं पाणी,
त्यात गवताचं बी आणि कागदाचा लगदा.
पंधरा दिवसांत फोटो काढण्यासारखं झालं.
याला वीस वर्षं झाली.
अजून गवतच आहे,
मधूनच एखादं झाड, माझ्या कमरेएवढं
आणि म्हातारं.

पाऊस आला की पाणी त्या इस्त्रीवरून पळत सुटतं,
उतारावर आधी बोटभर चर, मग हातभर,
मग गाय पडेल एवढी घळ.
खाली टर्की लिकच्या वळणावर
ओपलच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात
फ्रीजच्या मोटारीपर्यंत चिखल. तीनदा.
ती मला काही बोलली नाही.
फावडं पुढं केलं, एवढंच.

यंदा वनखात्याची पोरगी आली, कोरा स्टिडम.
तिनं लोखंडी सळई जमिनीत मारली.
टण्ण.
"मिस्टर डेन्झिल, ही जमीन नाही, पार्किंग आहे."

तर आता तोच मी, तसाच डोझर,
मागं साडेतीन फुटांचा दात.
आधी उभं फाडायचं, मग आडवं.
ओळ संपली की माझा हात आपोआप
पातं खाली घेतो, नीट करायला,
आणि ती हात हलवत पळत येते,
"राहू दे! ढेकळं राहू दे!"
चाळीस वर्षांत मला कुणी
इतकं वाईट काम करायला सांगितलं नव्हतं.
मोठे धोंडे तसेच, ओंडके आडवे,
उताराला पेंढ्याच्या वळकट्या खुंट्या मारून.
पाण्याला अडवायचं नाही, म्हणते,
फक्त उशीर करायचा.
दर चार पावलांवर त्याला थांबायला
काहीतरी निमित्त द्यायचं.

मधोमध आमचं कबरस्तान आहे.
सगळं खाली गेलं, ते तेवढं टोपीसारखं वर राहिलं.
कायद्यानं शंभर फूट सोडायचे,
मी शंभर सोडले.
एकशे एक नाही.
आई तिथं आहे, आणि तिच्या डोक्याशी पांढरा ओक.
कोरानं विचारलं, हे झाड कुणाचं?
मला उत्तर सुचेना.

ऑक्टोबरात आम्ही त्याच्या बिया वेचल्या,
चरबीच्या जुन्या डब्यांत पाणी घेऊन त्यात टाकल्या.
तरंगली ती पोकळ, फेकून द्यायची.
बुडाली ती जिवंत.
अकराशे बुडाल्या. मी मोजल्या,
कारण ओपलला खोटं वाटलं असतं.
एकेक ढेकळांच्या बेचक्यात, आडवी, इंचभर खाली.
गुडघे टेकून. प्रार्थनेलासुद्धा
हल्ली मी खुर्चीवरच बसतो.

फेब्रुवारीत दोन रात्री पाऊस लागला.
दुसऱ्या रात्री राहवेना, बॅटरी घेऊन वर गेलो.
जुन्या भागाकडून तोच आवाज, गाडी उतरल्यासारखा.
फाडलेल्या भागाकडून काहीच नाही.
मी बराच वेळ उभा राहिलो.
मग ऐकू आलं, पायाखाली, बारीक,
कुणीतरी तोंड मिटून चघळावं तसं.
कुठंतरी पाणी मुरत होतं.

मेहुणीला फोन लावला. आलं का?
"आलं. पायरीपर्यंत.
झोपू दे आता."

परतताना ढेकळाला ठेच लागून उताणा पडलो.
बॅटरी घळीत गेली, ढोपर फुटलं.
पडल्यापडल्या शिव्या घातल्या,
कोराला, तपासनिसाला, मग स्वतःला,
आणि हातानं चाचपून पाहिलं,
बी ठेवलं होतं ते हेच ढेकूळ तर नव्हे.