प्रमाण

कॅम्बोर्नच्या वरच्या अंगाला, जिथे कथलाच्या खाणी
बंद पडून नुसती धुराडी उरलीत,
मेथडिस्टांच्या चॅपलमागची एक खोली
मोरवेन्ना ट्रेगिअरने भाड्याने घेतली आहे.
आठवड्याला बारा पौंड, हीटर वेगळा.
रविवारी दहाला भिंतीपलीकडे स्तोत्रं सुरू होतात,
अलीकडे ती बाटल्या मांडते.

ज्यांच्या परसात बोअर आहे ती माणसं
प्रार्थना आटोपून, कोट झटकत इकडे येतात.
हातात पाणी. वर चिठ्ठी : नाव, तारीख, खोली किती फूट.
तिचे वडील याच चॅपलात प्रवचन करायचे.
आवाज त्यांचाच आहे म्हणतात, भिंतीला जाऊन लागणारा.
फक्त ती तो फार वापरत नाही.

कथील काढताना सोमलही वर आला, तो अजून झिरपतो.
सोमलाला पाण्यात रंग नाही, वास नाही, चव नाही.
आई असती तर म्हणाली असती,
अरे, हे तर परब्रह्माचं वर्णन झालं.

हातच्या काकणाला आरसा कशाला, असं घोकून मोठा झालो.
इथे हातात ग्लास असतो
आणि आरसा लागतोच.

एकवीस वर्षं इथे औषधांच्या दुकानात आहे मी.
पहिल्याच हिवाळ्यात तिला विचारलं होतं,
तुमची श्रद्धा कशावर?
'थांब,' ती म्हणाली, 'मोजते आहे.'
टाळलं मला, असं वाटत राहिलं. बरीच वर्षं.

एकदा तिला सांगितलं, आमच्या भाषेत
प्रमाण म्हणजे पुरावा, आणि प्रमाण म्हणजे किती.
ती खूश झाली. म्हणाली, बरं आहे, एकाच शब्दात भागतं.
त्याच शब्दाला आम्ही बाबावाक्यही जोडून ठेवलंय
हे मी सांगितलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात, मंगळवारी, आडव्या पावसात
ती दारात उभी. वही प्लास्टिकच्या पिशवीत.
'अकरा साली तुझ्या पाण्यात तीन सांगितले होते मी.
कपाट आवरताना त्या वेळच्या प्रमाण-द्रावणाची
एक बाटली मिळाली. तपासली.
ते द्रावणच चुकीचं होतं. सबंध हंगामभर.
एक्केचाळीस घरं. तुझं एकोणिसावं.'

वह्या तिच्याच कपाटात होत्या.
बाटली बेसिनमध्ये ओतून दिली असती
तर कॉर्नवॉलमध्ये कुणाला कळलं असतं?

माझी शाल्मली त्या पाण्यावर वाढली.
तेव्हा मी मोरवेन्नाला काय बोललो ते इथे लिहीत नाही.
तिने ऐकून घेतलं. बुटांतून पाणी गळत होतं.
मग वही उघडून दाखवली. त्या वहीत खोडरबर चालत नाही.
चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ,
खालचा आकडा वाचता येईल अशी;
शेजारी सही, कालची तारीख,
आणि पुढे मोकळी जागा.

शेजारचे नॅनकिव्हल दार अर्धंच उघडून म्हणाले,
'देव तुला क्षमा करो, मोरवेन्ना.'
'ती नंतर बघू,' ती म्हणाली. 'आधी बाटली भरून द्या.
नळ दोन मिनिटं वाहू दे. मग काठोकाठ.'

मीही भरली.
दोन मिनिटं किती लांब असतात
हे पाण्याकडे बघत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

रात्री ब्रिस्टलला फोन केला.
शाल्मली रागावेल, रडेल, असं धरून चाललो होतो.
तिने विचारलं, 'पण बाबा, चूक सापडली कुणाला?'
'तिलाच.'
पलीकडे बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाली, 'निकाल कधी?'
'शुक्रवारी.'
'किती वाजता?'

तोवर चहा दुकानातल्या पाण्याचा.