खाल्ल्या मिठाला

एक लाख सत्त्याऐंशी हजार मैल पळालेली गाडी
कोण घेतं?
आम्ही घेतली. बत्तीसशे डॉलर, रोख.
टोलीडोत, लाग्रांज स्ट्रीटच्या चर्चमागे उभी होती,
रंग म्हणाल तर पुन्हा उकळलेल्या चहाचा.
डावं सरकतं दार उघडत नव्हतं.
डोलोरेसबाई म्हणाली, उजवं उघडतं की.
ते खरं होतं.

शिरीष घरी पोचेपर्यंत बोलला नाही.
मग म्हणाला, भरवशाच्या म्हशीला टोणगा.
मी म्हटलं, हिच्यावर भरवसा ठेवलाय कुणी?
आणि खरंच नव्हता ठेवला.
मागे घोंगडी, जम्पर केबल, चिक्कीचा डबा, टॉर्च,
एवढं सामान घेऊन मी निघायची
अडीच मैलांवरच्या हॉस्पिटलात, रात्रपाळीला,
रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवायला.

इंजिनाचा पिवळा दिवा दुसऱ्याच आठवड्यात लागला.
लॉनी कोवाल्चिकने वाकून पाहिला.
बल्ब चांगला आहे, म्हणाला.

दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना
ती थबकायची,
उंबऱ्यात पाय ठेवल्यावर
काहीतरी राहिलं असं वाटतं ना, तशी.
एक, दोन, अडीच.
मग जायची.
ओवी मागून मोठ्याने मोजायची. अपूर्णांक
ती असे शिकली.

खोटं कशाला सांगू, दगाही दिला तिने.
मॉमी नदीच्या पुलावर, ऐन पाचच्या गर्दीत,
सगळे दिवे एकदम मावळले
आणि मी स्टिअरिंगला धरून नुसती बसले,
ट्रकवाले जाताना जे म्हणायचे ते म्हणाले.
पण त्या जानेवारीत, पारा उणे अकरावर असताना,
शेजारच्या बार्टची नवी कोरी गाडी
पडद्यावर सेवा केंद्राचा पत्ता दाखवत बसली,
आणि आमची खोकली, नाही म्हणाली,
परत नाही म्हणाली,
आणि निघाली.
बार्ट टाय सावरत उजव्या दाराने चढला,
ओवीच्या बिस्किटांच्या चुऱ्यावर बसला.

इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ट्रकच्या ट्रक.
लॉनीने गाडी वर चढवून
पोटाला स्क्रूड्रायव्हर लावला, तो आत गेला,
ओल्या पुठ्ठ्यात जावा तसा.
मीठ खातंय हिला, म्हणाला.
मला ते उलटं ऐकू आलं.
सतरा हिवाळे मीठ खाल्लं हिने,
आणि जागली.
हे त्याला इंग्रजीत कसं सांगायचं?
मी विचारलं, वेल्डिंगचे किती?

सामानाच्या खणात डोलोरेसबाईची वही होती.
बारीक निळं अक्षर, रेघा पट्टीने मारलेल्या.
तेल बदललं, ७१,२०४.
पुढचे ब्रेक, ८८,०१०.
हॅरल्ड गेला. मागचे दोन टायर, ९३,५५०.
सगळं एकाच शाईत.
तिच्याखाली मी मराठीत लिहीत गेले.
अल्टरनेटर. पाण्याचा पंप. ओवीचा पहिला दात, सीटखाली सापडला.
शिरीषला नोकरीवरून काढलं, वायपर बदलले.

दोन लाख एकतीस हजारांवर आम्ही विकायला काढली.
वेन्सेस्लाओ आला, ग्वाटेमालाचा, छपरं दुरुस्त करतो,
बायको गाडीला टेकून उभी, सातवा महिना.
मी यादी पाठ केली होती: दार, दिवा, गिअर, पोट.
एकही लपवायचं नाही.
त्याने एवढंच विचारलं,
थंडीत सुरू होते?

होते, म्हटलं.

बाकीची यादी सांगितलीच मी, तो मान हलवत राहिला.
किती कळलं कोण जाणे.
वहीही दिली. त्याने उघडली, माझी पानं उलटीसुलटी करून पाहिली,
नीट मिटून खणात ठेवली.

बायको उजव्या दाराने चढली.
कोपऱ्यावरच्या पाटीशी गाडी थांबली, वळली,
वेग घेताना थबकली.
मी फुटपाथवर, ओठातल्या ओठात.
एक. दोन. अडीच.
पावणेतीन.

गेली.