टिचकी

खानापुरात कौलांच्या कारखान्यात
टिचकी मारत मी एकवीस वर्षं काढली.
भट्टीतनं निघालेलं कौल डाव्या तळव्यावर धरायचं,
उजव्या हाताच्या मधल्या बोटानं एकदाच.
खणखणीत वाजलं तर लॉरीत.
बद्द बोललं तर मागच्या ढिगावर.

म्हणूनच असेल,
चंदगडच्या पाहुणीनं परसात मलाच गाठलं.
आत पोहे चालले होते.
हौदाशी येऊन आवाज खाली आणला तिनं :
तुमच्या दिराची स्वरूपा खो-खो खेळती म्हणे?
होय की, मी म्हटलं. धारवाडला जाऊन आली.
रात्रीची राहती कुठं तिकडं?
आणि मग नुसतीच बघत राहिली,
तळव्यावर कौल घेऊन मी बघायची तशी.

आमच्याकडं पाटीवर कुठली भाषा वर, कुठली खाली
यावरनं डोकी फुटलीत.
एसट्यांना काळं फासलंय दोन्हीकडनं.
हा प्रश्न मात्र दोन्हीकडनं सारखाच येतो.
तिकडं मर्यादे, इकडं मर्यादा,
एका मात्रेचा काय तो फरक.

माझ्या लग्नाआधीच्या उन्हाळ्यात
मातीच्या लॉरीवर बसू नावाचा क्लीनर होता.
त्याला मराठी येत नव्हतं, मला कन्नड अर्धंमुर्धं.
जे झालं त्याला मी अजून शब्द शोधते.
दोन्ही भाषांत सापडल्या त्या शिव्याच.
मला आवडलं होतं ते.
कच्चं कौल कितीही टिचका, मुकंच असतं,
जाळ लागल्यावर वाजतं.
हे आज पहिल्यांदाच लिहितेय.

लग्नाच्या रात्री पदराच्या गाठीत
एक खापरी बांधून नेली.
नवरा घोरायला लागल्यावर
टाचेच्या आतल्या बाजूला ओढली.
सकाळी सासूनं चादर बघितली,
देवीच्या खणासारखी घडी घातली,
बोलली काहीच नाही.
त्या दिवशी माझ्या चहात साखर जास्त होती.

ती गेली तेव्हा शेवटची आंघोळ मी घातली.
उजवी टाच, आतली बाजू, घोट्याच्या खाली
पांढरी जुनी रेघ, करंगळीच्या नखाएवढी.
तांब्या तसाच धरून उभी राहिले.
बायका म्हणाल्या, रड गं, मोकळी हो.
मला हसू दाबवत नव्हतं,
आणि दाबता दाबता त्याचंच रडू झालं.
छत्तीस वर्षं एका चुलीवर,
आणि एक शब्द नाही बोललो आम्ही.

तर, पाहुणी उत्तराची वाट बघत होती.
मी तिच्या तोंडाकडं नाही बघितलं.
पायांकडं बघितलं.
नव्या चपला, जोडव्यांनी दबलेली बोटं,
टाचांना भेगा, आपल्यासारख्याच.
बराच वेळ बघितलं.

तिनं हळूच उजवा पाय
निऱ्यांखाली ओढून घेतला.

गारठा होता म्हणा.

चला, म्हणाली,
पोहे गार व्हायला लागलेत.